'संशयित रुग्ण' ते 'कोरोना योद्धा': महासाथीच्या काळात शब्द आणि चित्रं आपलं वागणं कसं ठरवतात?

मार्च २०२०. परदेशातून आलेल्या आणि घरीच विलग राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. शाई निवडणुकीत बोटाला लावतात तशी, सहज न पुसली जाणारी. मुंबईतल्या शिक्क्यावर तारीख होती आणि मुंबईकरांचं रक्षण करत असल्याचा अभिमान आहे, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता.

मजकुरात अभिमान होता, पण पाहणाऱ्याला दिसला तो शिक्का. काहीच दिवसांत असे शिक्के असलेले चार प्रवासी रेल्वेत आढळले. सहप्रवाशांनी आरडाओरडा केला आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवण्यात आलं. त्यांनी घरीच थांबायला हवं होतं, हे खरंच. पण त्यानंतर शिक्क्याचा अर्थ बदलला. 'हा माणूस काळजी घेतोय' याऐवजी 'याच्यापासून लांब राहा' असा तो वाचला जाऊ लागला.

साथीच्या काळात आरोग्य यंत्रणेला लस आणि खाटांइतकीच गरज असते ती लोकांनी ऐकण्याची. त्यासाठी हाताशी असतात फक्त शब्द आणि चित्रं. ती माहिती देतातच. पण कोणाला घाबरायचं, दोष कोणाला द्यायचा आणि आपल्याला काही करता येईल की नाही, हेही तीच नकळत सांगून जातात. कोविडच्या काळातली काही उदाहरणं पाहिली की हे नेमकं कसं घडतं ते कळतं.

आजाराचं नाव कोण ठेवतं आणि त्याने काय फरक पडतो?

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला जगभर 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात. ती स्पेनमध्ये सुरू झाली होती म्हणून नव्हे. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांमध्ये बातम्यांवर सेन्सॉरशिप होती, स्पेन मात्र तटस्थ होता. त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांत साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापून आल्या आणि नाव स्पेनला चिकटलं. भारतात हीच साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि तिला 'बॉम्बे फीव्हर' म्हटलं गेलं.

प्राण्यांच्या नावाचेही असेच परिणाम होतात. २००९ मध्ये 'स्वाइन फ्लू' माणसांकडून माणसांना होत होता. तरीही इजिप्तने देशातली सुमारे ३ लाख डुकरं मारण्याचा निर्णय घेतला. साथ थांबली नाही. नुकसान झालं ते डुकरं पाळणाऱ्यांचं आणि त्यांच्यावर पोट असलेल्यांचं.

अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या आजारांना नाव देण्याचे नियम जाहीर केले. नावात गाव, देश, समाज, व्यवसाय, प्राणी किंवा व्यक्ती यांचा उल्लेख नको आणि भीती पसरवणारे शब्दही नकोत. त्यानुसार ११ फेब्रुवारी २०२० ला 'कोविड-१९' हे नाव जाहीर झालं. 'को' म्हणजे कोरोना, 'वि' म्हणजे व्हायरस, 'ड' म्हणजे इंग्रजीतल्या आजार या शब्दाचं पहिलं अक्षर आणि १९ म्हणजे २०१९ हे साल.

विषाणूच्या बदललेल्या रूपांबाबत मात्र जुनीच चूक पुन्हा झाली. 'यूके व्हेरियंट', 'साउथ आफ्रिकन व्हेरियंट' ही नावं भारतीय माध्यमांनी सर्रास वापरली. मग बी.१.६१७ ला जगाने 'इंडियन व्हेरियंट' म्हटल्यावर भारताला ते खटकलं. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यम कंपन्यांना तसा मजकूर काढायला सांगितलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने ग्रीक अक्षरांची पद्धत आणली आणि बी.१.६१७.२ चं नाव 'डेल्टा' झालं.

पुढे 'ओमिक्रॉन'च्या वेळी 'न्यू' आणि 'शी' ही दोन ग्रीक अक्षरं गाळली गेली. पहिलं इंग्रजीतल्या 'नवीन' या शब्दासारखं ऐकू येतं आणि दुसरं अनेकांचं आडनाव आहे, असं कारण संघटनेने दिलं.

'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द का खटकला?

दोन माणसांमध्ये थोडी जागा सोडा, एवढीच ही सूचना होती. पण तिच्यासाठी जगभर रुळला तो शब्द 'सोशल डिस्टन्सिंग'. मराठीत त्याचं थेट 'सामाजिक अंतर' झालं.

आपल्याकडे सामाजिक अंतर पाळण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा आरोग्याशी संबंध नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं, कोणाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, हे जातीवरून ठरवणाऱ्या समाजात 'सामाजिक अंतर पाळा' हे वाक्य सरकारी फलकावर येणं अनेकांना बोचलं. शिवाय ते अर्थाच्या दृष्टीनेही चुकीचं होतं. अंतर हवं होतं शरीरांमध्ये. माणसामाणसांत उलट जास्त संपर्क हवा होता. एकट्या म्हाताऱ्या माणसाला फोन करायला हवा होता, शेजारच्या घरात डबा पोहोचवायला हवा होता.

मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने 'फिजिकल डिस्टन्सिंग' म्हणजे शारीरिक अंतर हा शब्द वापरायला सुरुवात केली. मराठीतही 'सुरक्षित अंतर' असे शब्द आले. तोवर पहिला शब्द तोंडात बसला होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

याच सूचनेचं सर्वांत नेमकं रूप शब्दात नव्हतं, जमिनीवर होतं. किराणा दुकानापुढे, औषधाच्या दुकानापुढे, भाजी बाजारात चुन्याने किंवा रंगाने वर्तुळं आखली गेली. वाचता येत नसलं तरी कळत होतं की या गोलात उभं राहायचं, पुढचा माणूस सरकला की पुढच्या गोलात जायचं. त्यात कोणाचा अपमान नव्हता, भीती नव्हती आणि नेमकं काय करायचं ते स्पष्ट होतं.

अलगीकरण आणि विलगीकरण: फरक किती जणांना कळला?

शब्द चुकीचा नसतानाही संदेश पोहोचत नाही, याचं हे उदाहरण आहे. संसर्ग झाला असण्याची शक्यता आहे, पण अजून निदान नाही, अशा व्यक्तीला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाईन. निदान झालेल्या रुग्णाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. सरकारी मराठीत पहिल्याला 'अलगीकरण' आणि दुसऱ्याला 'विलगीकरण' असे शब्द योजले गेले. शास्त्राच्या दृष्टीने फरक महत्त्वाचा होता, पण दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखेच. बातम्यांमध्येही ते एकमेकांच्या जागी वापरले गेले.

लोकांनी मग आपला मार्ग काढला. 'त्याला क्वारंटाईन केलं', 'ते घरी क्वारंटाईन आहेत' असं सगळे बोलू लागले. तिकडे सरकारी मोहिमांची नावं 'मिशन बिगिन अगेन' आणि 'ब्रेक द चेन' अशी होती. त्यामुळे काय सुरू आणि काय बंद, हे कळायला बातमीतलं 'काय सुरू, काय बंद' हे कोष्टकच पाहावं लागे. ज्याला तेही मिळालं नाही, त्याला नियम कळला तो पोलिसांनी अडवल्यावर.

युद्धाची भाषा उपयोगी की घातक?

'कोरोनाविरुद्धचं युद्ध', 'अदृश्य शत्रू', 'कोरोना योद्धे'. ही भाषा भारतापुरती नव्हती, अनेक देशांच्या नेत्यांनी ती वापरली. कारण उघड आहे. युद्ध म्हटलं की प्रसंग गंभीर आहे, सगळ्यांनी एकत्र यायचं आहे आणि काही दिवस त्रास सोसायचा आहे, हे एका शब्दात कळतं.

पण रूपक सोबत बाकीचं सामानही घेऊन येतं.

पहिली गोष्ट म्हणजे युद्धाला शेवट असतो. २५ मार्च २०२० ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं गेलं होतं, असं सांगत कोरोनाविरुद्धच्या लढाईसाठी २१ दिवसांचं उद्दिष्ट मांडलं. प्रत्यक्षात देशव्यापी टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत म्हणजे ६८ दिवस चालली आणि साथ त्यानंतरही वाढतच गेली. थोड्याच दिवसांचं युद्ध म्हणून सोसलेला त्रास लांबला, की पुढच्या सूचनांवरचा विश्वास कमी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे योद्ध्याने मरण पत्करणं गृहीत धरलेलं असतं. २२ मार्चला देशभर थाळ्या आणि टाळ्या वाजल्या. पण त्याच काळात डॉक्टर आणि नर्सना घरमालक खोली रिकामी करायला सांगत होते, काही ठिकाणी त्यांच्यावर हल्ले झाले. अखेर २२ एप्रिलला केंद्र सरकारला वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल करावा लागला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरले. योद्धा म्हणून गौरव करणं सोपं होतं. पीपीई किट, वेळेवर पगार आणि राहायला जागा मिळणं ही कर्मचारी म्हणून त्यांची गरज होती.

तिसरी गोष्ट मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीची आहे. बरा झालेला माणूस 'कोरोनावर मात' करतो आणि गेलेल्याची 'झुंज अपयशी ठरते'. म्हणजे जो गेला तो लढण्यात कमी पडला, असं वाक्य आपोआप तयार होतं. ऑक्सिजनची खाट वेळेत मिळाली का, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ एलेना सेमिनो यांनी युद्धाऐवजी आगीचं रूपक अधिक उपयोगी असल्याचं मांडलं. आग ठिणगीने पसरते, जवळ असलेल्याला आधी धरते, विझली असं वाटलं तरी धुमसत राहते आणि पुन्हा भडकते. आग विझवायला फक्त बंब पुरत नाही, आजूबाजूच्यांनीही जपावं लागतं. यात कोणी शत्रू नाही, त्यामुळे कोणाला गद्दार ठरवण्याचीही गरज पडत नाही.

रुग्णाला काय म्हणायचं?

'संशयित' हा शब्द मराठी वाचक दोन ठिकाणी वाचतो: गुन्ह्याच्या बातमीत आणि साथीच्या बातमीत. 'तीन संशयित ताब्यात' आणि 'तीन संशयित रुग्णालयात' या वाक्यांत फार अंतर उरत नाही. गुन्हेगारीची ही छटा मग 'रुग्ण पळाला', 'माहिती लपवली', 'सुपर स्प्रेडर' अशा शब्दांनी गडद होत जाते. भाजीवाले आणि छोटे दुकानदार यांचा संपर्क जास्त लोकांशी येतो, म्हणून त्यांची तपासणी आधी करणं योग्यच होतं. पण ती मोहीम 'सुपर स्प्रेडर' शोधण्याची मोहीम झाली की भाजीवाला तपासणीला येईल की गल्ली बदलेल?

फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रेड क्रॉस महासंघाने याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केलं होतं. 'केस' किंवा 'बळी' म्हणू नका, 'कोविड झालेली व्यक्ती' म्हणा. कोणी 'संसर्ग पसरवला' असं म्हणू नका, कारण त्यातून त्याने मुद्दाम केल्यासारखं वाटतं. हा सल्ला नुसत्या सभ्यतेचा नव्हता. कलंकाची भीती असेल तर लोक लक्षणं लपवतात, उशिरा तपासणी करतात आणि तोवर आजार घरात पसरलेला असतो.

हीच गोष्ट घरावरच्या पाट्यांची. अनेक राज्यांत रुग्णाच्या दारावर सूचनाफलक लावले गेले. हेतू शेजाऱ्यांना सावध करण्याचा होता. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा पाट्यांमुळे रुग्णांना अस्पृश्यासारखं वागवलं जातं, असं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने खास आदेश दिल्याशिवाय अशा पाट्या लावू नयेत, असा निकाल डिसेंबर २०२० मध्ये आला.

मुंबईला हे नवीन नव्हतं. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत शहरातल्या घरांच्या भिंतींवर मृत्यूच्या खुणा म्हणून वर्तुळं काढली जात. १८९७ मध्ये पुण्यात घरात शिरून झडत्या घेतल्या गेल्या. त्यातून इतका संताप उसळला की प्लेग अधिकारी रँड यांचा चापेकर बंधूंनी वध केला. लोक रुग्ण लपवू लागले होते, कारण खूण आणि झडती यांचा एकच अर्थ त्यांना माहीत होता: माणूस उचलून नेणार.

काटेरी चेंडू आणि दोन टेकड्या: चित्रांनी काय केलं?

कोरोना म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो राखाडी रंगाचा, लाल काटे असलेला चेंडू. तो फोटो नाही. अमेरिकेच्या 'सीडीसी' या रोग नियंत्रण संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी जानेवारी २०२० मध्ये संगणकावर केलेलं ते चित्र आहे. हा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. त्यामुळे त्याला आपण म्हणतो तसा रंगच नसतो. लाल रंग लक्ष वेधण्यासाठी निवडला होता आणि काटे म्हणजे पेशीला चिकटणारी स्पाइक प्रथिनं.

या चित्राने अदृश्य धोक्याला चेहरा दिला, हे त्याचं यश. पण त्यात काय करायचं ते नव्हतं. तोच चेंडू पुढे प्रत्येक बातमीत, प्रत्येक जाहिरातीत आणि प्रत्येक अफवेच्या पोस्टवरही दिसू लागला. कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो, ही अफवा २०२० च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली ती अशाच चित्रांच्या आधाराने. महाराष्ट्रात कोंबडीचे भाव कोसळले आणि पोल्ट्रीवाले शेतकरी कर्जात गेले. चिकन खाल्ल्याने कोविड होत नव्हता.

दुसरं गाजलेलं चित्र म्हणजे 'फ्लॅटन द कर्व्ह'. एक उंच, टोकदार टेकडी, दुसरी पसरट आणि मधून गेलेली तुटक रेघ. रेघ म्हणजे रुग्णालयांची क्षमता. ती रेघ अमेरिकेतले सार्वजनिक आरोग्य अभ्यासक ड्र्यू हॅरिस यांनी जोडली आणि चित्र एकदम समजायला लागलं. सगळे एकाच वेळी आजारी पडले तर खाटा पुरणार नाहीत, तेच रुग्ण हळूहळू आले तर पुरतील. घरी का थांबायचं, याचं कारण त्यात एका नजरेत होतं.

त्यातही एक फसगत होती. चित्रावर आकडे नव्हते आणि क्षमतेची रेघ बरीच वर काढलेली होती. प्रत्यक्षात ती किती खाली आहे, हे भारताला एप्रिल आणि मे २०२१ मध्ये ऑक्सिजन सिलिंडरच्या रांगांमध्ये कळलं.

आकडा तोच, निर्णय वेगळा?

हा प्रयोग कोविडच्या खूप आधीचा, १९८१ चा. मानसशास्त्रज्ञ एमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी लोकांना एक काल्पनिक साथ दिली, जिच्यात ६०० जण दगावण्याची शक्यता आहे. एका गटाला विचारलं: पहिल्या उपायाने २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्या उपायाने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्क्यांनी पहिला, खात्रीचा उपाय निवडला.

दुसऱ्या गटाला तेच पर्याय मृत्यूच्या भाषेत सांगितले: पहिल्या उपायाने ४०० जण मरतील, दुसऱ्याने कोणीही न मरण्याची शक्यता एक तृतीयांश आणि सगळे मरण्याची दोन तृतीयांश. गणित तेच होतं. पण आता ७८ टक्क्यांनी धोक्याचा उपाय निवडला.

'वाचतील' आणि 'मरतील' एवढ्या फरकाने बहुमत उलटलं. म्हणूनच 'लसीनंतर अमुक जणांना त्रास' असा एकटा आकडा समोर आला, तर तो किती जणांपैकी, आणि लस न घेतलेल्यांत काय झालं, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

'हवेतून पसरत नाही' असं ठामपणे सांगितलं, मग?

२८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर 'तथ्य' अशा ठळक शब्दासह सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. तज्ज्ञांच्या परिभाषेत 'हवेतून पसरणारा' हा शब्द गोवर, क्षयरोग अशा मोजक्या आजारांसाठी राखलेला होता. खोकल्या-शिंकण्यातून उडणारे मोठे थेंब त्यात मोजले जात नव्हते. सामान्य माणसाने मात्र सरळ अर्थ घेतला: हवेचा धोका नाही.

लोकांनी भाजी धुतली, दूधपिशव्या पुसल्या, लिफ्टचं बटण काडीने दाबलं. बंद खोलीची खिडकी उघडण्याकडे लक्ष कमी गेलं. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतल्या सूक्ष्म कणांकडे लक्ष द्या, असं खुलं आवाहन केलं. जागतिक आरोग्य संघटनेची भाषा हळूहळू बदलली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिने परिभाषेचा हा घोळ मिटवण्यासाठी नवी शब्दयोजना प्रसिद्ध केली.

नव्या आजारात शास्त्राचं मत बदलणं स्वाभाविक आहे. अडचण होते ती अपुऱ्या पुराव्यावर ठळक अक्षरांत 'तथ्य' लिहिल्याने. 'आजवरच्या माहितीनुसार असं दिसतं, ही माहिती बदलू शकते' असं सांगितलं असतं, तर बदल झाल्यावर फसवल्यासारखं वाटलं नसतं.

संदेश बरोबर, पण साधन नाही

'घरी राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य धारावीत कसं ऐकू आलं असेल? एका खोलीत आठ-दहा माणसं, शौचालय सार्वजनिक. तिथे १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. मुंबई महापालिकेने घोषणेवर भिस्त ठेवली नाही. 'चेस द व्हायरस' या नावाखाली कर्मचारी आणि खासगी डॉक्टर घरोघरी गेले, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली, तिथे जेवण दिलं गेलं. 'वेगळं राहा' या सूचनेला अर्थ आला तो वेगळं राहायला जागा मिळाल्यावर.

याच्या उलट चित्र मे २०२१ मध्ये दिसलं. कोणालाही फोन लावला की लस घ्या, असा ध्वनिमुद्रित संदेश आधी ऐकू यायचा आणि केंद्रांवर लस नव्हती. पुरेशी लस नसताना लोकांना लस घ्यायला सांगणारा संदेश किती दिवस वाजवणार, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

पुढच्या साथीत सरकारइतकेच संदेश सामान्य लोकांच्या मोबाइलवरून जातील. तेव्हा एखादी पोस्ट पुढे पाठवण्याआधी हे पाहता येईल:

* यात काय करायचं ते सांगितलंय का? नुसती भीती असेल तर वाचणारा घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो.
* ते करणं वाचणाऱ्याला शक्य आहे का? नसेल तर मदत कुठे मिळेल, हेही सोबत जायला हवं.
* दोष आजाराला दिलाय की माणसाला? गाव, धर्म, जात किंवा व्यवसायाचं नाव असेल तर तो संदेश तिथेच थांबवावा.
* आकडा कशापैकी आहे आणि कोणत्या तारखेचा?
* चित्र खरंच या घटनेचं आहे का? की फक्त लाल काट्यांचा चेंडू चिकटवलाय?

खोकला सुरू झालेला माणूस तपासणीला जायचं की चार दिवस गप्प बसायचं, हे ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर आकडेवारी नसते. शेजारच्या घरात रुग्ण सापडला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कोण काय बोललं होतं, ते त्याला आठवत असतं.